कुलगुरूंनी फोन कधी करावा?

गणपतीची चवथ आठ दिवसांवर आली की फोंड्याच्या तिस्कावर, म्हणजे तिठ्यावर, संध्याकाळी पाय ठेवायला जागा मिळत नाही. आमचा कट्टा म्हणजे एका बंद दुकानाची पायरी. वर पत्रा आहे, म्हणून पावसातही बैठक मोडत नाही. त्या दिवशी समोर माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळापानांचं, सामान उतरत होतं, कांगलां, आंबाडे, सुपारीचे हिरवे घोस, आणि आम्ही चौघे चहाचे ग्लास हातात धरून बसलो होतो. मास्तर कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. हवालदार पोलिसांतले. भाईच्या वडिलांच्या दोन कारेरी, म्हणजे खाजगी बस, होत्या, पुढे त्यानेही आयुष्यभर बसच चालवली. मी एका कॉलेजच्या कचेरीत तेहेतीस वर्षं काढली, शेवटची काही हेडक्लार्क म्हणून.

मास्तरांची भाची ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात, संशोधन करते. साठ-सत्तरच्या दशकात जगभर विद्यार्थी रस्त्यावर आले तेव्हा विद्यापीठं चालवणारी माणसं कशी वागली, हा तिचा विषय. बसमधून उतरून ती छत्री झटकत आली आणि मामाच्या हातात एका प्रकरणाचा खर्डा दिला. मास्तर चष्मा शोधेपर्यंत हवालदारांनी तो घेतला आणि पहिलंच वाक्य मोठ्याने वाचलं. आवारात पोलीस बोलावणारा कुलगुरू आपलं विद्यापीठ त्याच घटकेला हरतो, असं काहीसं ते वाक्य होतं.

"हे कोणी लिहिलं?"

"मी, काका."

"बाय, तू शिकलेली म्हणून विचारतो. पोरं कुलगुरूच्या खोलीत घुसली, वर्ग बंद पाडले, तर त्याने काय करायचं? समई लावून आरती म्हणायची?"

तिथून सुरू झालं ते दोन तास चाललं. मनातून अजून जात नाही, म्हणून लिहून काढतो आहे.

भाचीने बर्कलीपासून सुरुवात केली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारासमोर, बँक्रॉफ्ट आणि टेलिग्राफ हे दोन रस्ते मिळतात तिथे, विटांच्या फरसबंदीची २६ फूट रुंदीची पट्टी होती. मुलं तिथे टेबलं मांडून पत्रकं वाटायची, वर्गणी गोळा करायची. काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या चळवळीसाठी माणसं जमवायचं कामही तिथून चालायचं. जागा शहराची आहे अशी सगळ्यांची समजूत. मग कळलं की ती विद्यापीठाची. सप्टेंबर १९६४ मध्ये डीनच्या कचेरीतून पत्र निघालं की इथे राजकीय टेबलं लावायची नाहीत.

"म्हणजे कट्टाच तो," भाई म्हणाला.

"कट्टाच. आणि एका पत्राने काढून घेतला."

१ ऑक्टोबरला जॅक वाइनबर्ग नावाच्या तरुणाला टेबल लावल्याबद्दल पोलिसांनी पकडलं आणि गाडीत बसवलं. मुलं गाडीभोवती खाली बसली. गाडी हलेना. ३२ तास ती तिथेच उभी, आत वाइनबर्ग, आणि टपावर चढून एकामागून एक भाषणं. मारिओ सॅव्हिओ नावाचा विद्यार्थी टपावर चढला तो बूट काढून. गाडी खराब होऊ नये म्हणून.

हवालदारांनी ग्लास खाली ठेवला. "पोलिसांच्या गाडीवर चढताना बूट काढले?"

"काढले."

"मग त्या पोराशी बोलता आलं असतं," ते म्हणाले.

मला वाटतं, त्या संध्याकाळचं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य हेच होतं, आणि ते तीस वर्षं काठी वापरलेल्या माणसाच्या तोंडून आलं. बंदोबस्ताला उभा राहिलेला पोलीस समोरच्या गर्दीत कोण कसा आहे हे चटकन ओळखतो. वरच्या मजल्यावर पडदे ओढून बसलेल्या माणसाला ते दिसत नाही. त्याला सगळी मुलं एकच दिसतात.

बर्कलीत पुढे डिसेंबरात मुलं स्प्राउल हॉलमध्ये जाऊन बसली आणि सुमारे ८०० जणांना अटक झाली. आठवड्याच्या आत प्राध्यापकांची सभा भरली आणि ८२४ विरुद्ध ११५ मतांनी त्यांनी मुलांच्या मागण्यांच्या बाजूने कौल दिला. सप्टेंबरात एका सहीने मागे घेता आली असती अशी गोष्ट. तीन महिने आणि ८०० अटका गेल्या तिच्यापायी.

"क्लार्क कर विसरू नको," मास्तर म्हणाले. कर हे त्या अख्ख्या विद्यापीठाचे अध्यक्ष, बर्कली हे त्याचं एक आवार. मुलांना ते सत्तेचे माणूस वाटत, आणि बाहेरच्या पुढाऱ्यांना वाटे की हे मुलांना डोक्यावर बसवतात. रोनाल्ड रेगन बर्कलीची पोरं सरळ करीन असं सांगून गव्हर्नरपदी निवडून आले आणि जानेवारी १९६७ मध्ये, महिनाही झाला नव्हता, विद्यापीठाच्या नियामक मंडळाने करना घरी पाठवलं. "दोन्ही बाजूंनी मार खाणारी खुर्ची आहे ती. तिच्यावर बसणाऱ्याची थोडी कणव ठेवून लिही."

भाचीने मान हलवली, पण पटलं नसावं. मलाही पूर्ण पटलं नाही. खुर्चीची कणव येते, पण खुर्चीवर बसून पत्र न वाचणाऱ्याची येत नाही.

मी मध्ये पडलो ते इथे. कचेरीत आयुष्य गेलेल्या माणसाला आंदोलनाची सुरुवात घोषणेत दिसत नाही, आवक नोंदवहीत दिसते. अर्ज येतो, त्याला क्रमांक पडतो, तारखेचा शिक्का बसतो, आणि मग तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. अहमदाबादचं उदाहरण मी दिलं, ते मला पक्कं आठवतं. डिसेंबर १९७३, एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेज. वसतिगृहाच्या मेसचं बिल २० टक्क्यांनी वाढवलं म्हणून मुलं संपावर गेली. जेवणाचा प्रश्न. तेल, धान्य सगळंच महागलेलं, त्यामुळे शहर मुलांच्या मागे उभं राहिलं. तेच पुढे नवनिर्माण आंदोलन झालं आणि ९ फेब्रुवारी १९७४ ला मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांना राजीनामा द्यावा लागला. मेसच्या बिलापासून मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीपर्यंत दोन महिनेसुद्धा लागले नाहीत.

"मेसचं बिल कमी केलं असतं तर चिमणभाई राहिले असते, असं म्हणणं आहे तुझं?" मास्तरांनी विचारलं.

"तसं नाही. महागाई होतीच, राग होताच. पण पहिल्या दिवशी कुणीतरी वसतिगृहात जाऊन त्या मुलांबरोबर जेवायला बसला असता, तर त्या रागाला कळलं असतं की आपलं ऐकणारा माणूस आहे."

मास्तर म्हणाले, हे भाबडं आहे. असेल. मी अजून तसंच म्हणेन.

पाऊस वाढला. भाईने पलीकडच्या गाड्यावरून मिरची भजी आणली, ओल्या वर्तमानपत्रात, आणि भाचीने कोलंबियाचं काढलं. तिच्या खर्ड्यात सगळ्यांत जास्त पानं त्याच विद्यापीठाची होती आणि ते बरोबरच आहे, कारण शहर आणि विद्यापीठ एकमेकांना इतकं लागून दुसरीकडे क्वचितच असेल. न्यूयॉर्कमध्ये वर टेकाडावर कोलंबिया, खाली हार्लेम ही काळ्या लोकांची वस्ती, मध्ये उतारावर मॉर्निंगसाइड पार्क. त्या सार्वजनिक बागेत विद्यापीठाने व्यायामशाळा बांधायला घेतली. विद्यार्थ्यांना वरून दार. हार्लेमच्या लोकांना खालून वेगळं दार आणि इमारतीचा थोडासा भाग.

भाई म्हणाला, "दिलं तर होतं ना काहीतरी."

मास्तर एकदम तापले. "आपल्याकडे देवळात कोणी कुठपर्यंत यायचं हे ठरलेलं होतं, आठवतं? बाहेरून दर्शन मिळत होतंच की! मग लोकांना राग का आला? त्यांची बाग, त्यांच्या बागेत तुम्ही बांधणार, आणि त्यांनी मागच्या दाराने यायचं."

भाई गप्प बसला. खालच्या दाराचं आम्हाला कुणालाच समजावून सांगावं लागलं नाही.

४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. अमेरिकेची शहरं पेटली, हार्लेममध्येही दगडफेक आणि जाळपोळ झाली. अशा वेळी शहाणा माणूस त्या व्यायामशाळेचं काम निदान थांबवतो. कोलंबियाचे अध्यक्ष ग्रेसन कर्क यांनी थांबवलं नाही. विद्यापीठाचा युद्धविषयक संशोधन करणाऱ्या एका संस्थेशी संबंध होता, व्हिएतनामचे दिवस होते, त्याचाही राग साचलेला. २३ एप्रिलला मुलांनी हॅमिल्टन हॉल ताब्यात घेतला आणि काही दिवसांत पाच इमारती त्यांच्या हातात गेल्या. कर्क यांची स्वतःची कचेरी त्यांतच. प्राध्यापकांचा एक गट मध्यस्थी करत मध्ये उभा राहिला. ३० एप्रिलच्या पहाटे पोलीस आत आले. ७०० हून जास्त अटका झाल्या. इमारतींबाहेर उभे होते त्यांनाही मार बसला, त्यांत प्राध्यापकही होते.

"रात्री कधीच आत जाऊ नये," हवालदार म्हणाले. "अंधारात काठी कुणाला लागते ते कळत नाही."

"काका, आता पुढचं ऐका. हॅमिल्टन हॉलमध्ये फक्त काळे विद्यार्थी राहिले होते. त्यांनी गोऱ्या मुलांना पहिल्याच रात्री दुसरीकडे जायला सांगितलं होतं. या मुलांना काही झालं तर हार्लेम टेकडी चढून वर येईल, अशी विद्यापीठाला भीती होती. म्हणून तिथे वकील आले, आधी बोलणं झालं, आणि ती मुलं अटक होऊन रांगेने बाहेर पडली. एकालाही काठी लागली नाही."

"त्याच रात्री?"

"त्याच रात्री. त्याच पोलिसांकडून."

भज्यांच्या कागदावर पाणी ठिबकत होतं, कुणाचं लक्ष नव्हतं. एकाच रात्री, एकाच आवारात, दोन रीती. एका इमारतीत आधी बोलणं झालं, उरलेल्यांत झालं नाही. ज्यांच्या मागे अख्खी वस्ती उभी राहील असं वाटलं त्यांच्याशी नीट वागले. ज्यांच्या मागे कुणी येणार नाही असं वाटलं त्यांची डोकी फुटली. म्हणजे जमत नव्हतं असं नाही. भीती वाटली तिथे जमवलं.

कर्क ऑगस्टमध्ये पायउतार झाले. ती व्यायामशाळा त्या बागेत कधी झाली नाही. आर्चिबाल्ड कॉक्स यांच्या चौकशी आयोगाने मुलांच्या दांडगाईला दोष दिलाच, पण विद्यापीठाचा कारभार हुकूमशाही वळणाचा होता आणि त्याने अविश्वास ओढवून घेतला, असंही नोंदवलं.

हवालदार सहजासहजी ऐकणारे नव्हेत. "मग न बोलावता काय करायचं ते सांग की. नुसतं बसून राहायचं?"

"बसून राहिले एक जण," भाची म्हणाली. शिकागो विद्यापीठाचे एडवर्ड लेव्ही. जानेवारी १९६९ मध्ये एका प्राध्यापिकेची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही म्हणून मुलांनी प्रशासनाची इमारत घेतली. लेव्हींनी पोलिसांना फोन केला नाही. मुलं दोन आठवडे तिथे राहिली, शेवटी थकली आणि आपण होऊन निघून गेली. मग विद्यापीठाच्या शिस्त समितीपुढे सुनावण्या झाल्या आणि ४२ जणांना काढून टाकलं.

"४२!" भाई ओरडला. "त्यापेक्षा दोन काठ्या परवडल्या असत्या. पोरांचं शिक्षण गेलं."

यावर बराच वेळ वाद झाला. माझं मत भाईच्या जवळचं आहे. काठीचा वळ महिन्याभरात जातो, हकालपट्टीचा कागद जन्मभर फाइलमध्ये राहतो. मी असे कागद स्वतः टाइप केलेले आहेत, मला त्यांचं वजन माहीत आहे. पण मास्तरांचा मुद्दाही खोडता येत नाही. विद्यापीठाने आपला न्याय आपल्या हाताने केला, सुनावणी दिली, बाहेरच्याच्या हातात मुलं दिली नाहीत. नोत्र दाम विद्यापीठाच्या फादर हेसबर्ग यांचं हवालदारांना फार आवडलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनी विद्यार्थ्यांना पत्र लिहून कळवलं की दुसऱ्याचं काम अडवणाऱ्याला विचार करायला १५ मिनिटं मिळतील, त्यानंतर कारवाई. हवालदार म्हणाले, पाद्री असावा तर असा. पण सरकारने विद्यापीठांच्या या कामात हात घालू नये, असंही त्याच पाद्रीबाबांनी अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्षांना कळवलं होतं. ते ऐकून हवालदारांनी नुसतं "हं" केलं.

मग भाईने आपली जुनी गोष्ट काढली आणि त्याचा आवाज बदलला. १९७८-७९ चा बसभाड्याचा लढा. विद्यार्थ्यांना निम्मं भाडं हवं होतं. तेव्हा रस्त्यावर सगळ्या खाजगी कारेरी. "बाबांच्या गाडीची पुढची काच फोडली. बाबा काचा गोळा करत होते आणि त्यांच्या तळहातातून रक्त येत होतं. डिझेलचे पैसे कोण देणार, एवढंच ते विचारत होते. कुणी उत्तर दिलं नाही. सरकारने नाही, पोरांनी नाही."

मी तेव्हा कॉलेजात होतो आणि बस अडवणाऱ्यांतला होतो. भाईला हे माहीत आहे. काच मी फोडली नव्हती, पण फोडणाऱ्याच्या शेजारी उभा होतो. निम्मं भाडं मिळालं, पुढे १९८० मध्ये कदंब महामंडळ उभं राहिलं, आणि माझ्या दोन्ही बहिणी त्या सवलतीवर शिकल्या. मागणी योग्य होती असं मी आजही म्हणतो. भाईच्या वडिलांना कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं, हेही म्हणतो.

त्या दिवसांतले आमचे प्राचार्य मात्र मी विसरणार नाही. फाटकाच्या आत, चिंचेखाली स्टूल टाकून ते दिवसभर बसत. पोलिसांची जीप आली की उठून फाटकापर्यंत जात आणि हात जोडून सांगत, आतलं मी बघतो, तुम्ही पलीकडे उभे राहा. जीप खरंच पलीकडे उभी राहायची. आम्हाला मात्र ते खडसावत. गोव्यात तेव्हा विद्यापीठ नव्हतं, ते १९८५ मध्ये आलं. आमची कॉलेजं मुंबई विद्यापीठाची, परीक्षेचं वेळापत्रक मुंबईहून यायचं, आणि आमच्या बस अडवण्यासाठी मुंबई थांबणार नव्हती. प्राचार्य म्हणाले, परीक्षा पुढे ढकलणं माझ्या हातात नाही, वाचनालय माझ्या हातात आहे, ते रात्री नऊपर्यंत उघडं ठेवतो. आणि ठेवलं. दिवसा घोषणा देऊन घसा बसलेली मुलं संध्याकाळी तिथे अर्थशास्त्राच्या नोट्स उतरवत बसलेली मी पाहिली आहेत. मीही त्यांत होतो.

१९८६ च्या डिसेंबरातल्या भाषेच्या, म्हणजे राजभाषा कोकणी की मराठी या, आंदोलनावर आम्ही फार बोललो नाही. रस्त्यांवर झाडं आडवी पडली होती, माणसं मेली होती, आणि या पायरीवर बसणारे तेव्हा दोन वेगळ्या बाजूंना होते. एवढंच सांगतो की विद्यापीठ दीड वर्षांचं होतं, आणि त्याच्या वर्गांत दोन्ही बाजूंची मुलं एका बाकावर बसत होती.

मग मी ते सांगितलं जे आजवर कट्ट्यावर कधी सांगितलं नव्हतं. वीसएक वर्षांपूर्वी मी नोकरीला होतो त्या कॉलेजात मुलींनी अर्ज दिला. त्यांच्या खोलीला आतून कडी नाही आणि नळाला पाणी नाही. आवक शिक्का मीच मारला, जून महिना. वरून 'प्लीज स्पीक' असा शेरा येऊन कागद परत आला. मी बोललो. पुन्हा पाठवला. 'पुढील बैठकीत.' बैठकीत विषय आला नाही. जुलैत त्याच मुलींचा दुसरा अर्ज, खाली सह्या जास्त. ऑगस्टात तिसरा. मग एका सकाळी त्या जिन्यावर बसल्या, पहिल्या पायरीपासून वरच्या खोलीपर्यंत. घोषणा नाहीत, काही नाही, नुसत्या बसल्या. साहेबांनी आतून पोलिसांना फोन लावला आणि मागच्या जिन्याने घरी गेले.

"त्या जीपमध्ये मी होतो," हवालदार म्हणाले.

इतक्या वर्षांत मला हे माहीत नव्हतं.

"ज्याने बोलावलं तो कुठे, म्हणून मी विचारलं. शिपाई म्हणाला, गेले. समोर पोरी. पहिल्या पायरीवर आमच्या वाड्यावरची मुलगी, लहानपणी माझ्या सायकलवर बसून शाळेत गेलेली. तिने फक्त 'काका, तुम्ही?' एवढंच म्हटलं. काय करू मी? मी त्यांना कडीसाठी अटक करू? आणि उद्या पेपरात पोलिसांचं नाव. आम्हाला बोलावणारा माणूस जागेवर नसतो, हे मी दहा वेळा पाहिलं आहे."

कडी आणि नळ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बसले. प्लंबरचं बिल मीच पास करून घेतलं. फार मोठी रक्कम नव्हती. जूनमध्येही नव्हती.

भाची हळूच म्हणाली की केंट स्टेटलाही असंच झालं होतं. मे १९७०. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कंबोडियात फौजा घातल्या म्हणून अमेरिकेतली विद्यापीठं उसळली. ओहायोतल्या केंट स्टेटचे अध्यक्ष रॉबर्ट व्हाइट त्या शनिवारी गावाबाहेर होते. शहराच्या महापौरांनी नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याची राखीव फौज, मागवलं, ते आवारात उतरलं, आणि आवार कुणाच्या ताब्यात आहे हेच धड ठरेना. ४ मे रोजी दुपारी जवानांनी १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी मेले, नऊ जखमी झाले. व्हाइट तेव्हा बाहेर जेवायला गेलेले होते. तीनच दिवस आधी, १ मे ला, येल विद्यापीठात हजारोंचा जमाव येणार होता, शहरात फौज उभी होती, आणि किंगमन ब्रूस्टर यांनी आवाराची दारं उघडून आलेल्यांच्या जेवणाची आणि झोपण्याची सोय केली. ते दोन दिवस एकही जीव न जाता पार पडले.

"वाढणारा माणूस घरात होता," भाई म्हणाला.

आता हवालदारांनी खर्ड्याची शेवटची पानं उलटली आणि एका पानावर थांबले. "आणि हे? हे का मागे ठेवलंस?"

जादवपूर. भाचीचा आवाज बारीक झाला, पण तिने सगळं सांगितलं. १९७० चं कलकत्ता, नक्षलवादी चळवळ ऐन भरात, परीक्षांवर बहिष्कार. गोपालचंद्र सेन, मेकॅनिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक, गांधीवादी, त्या वर्षी जादवपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्यांना परीक्षा द्यायची आहे त्यांचं वर्ष बुडू नये म्हणून त्यांनी परीक्षा घेतल्या. संरक्षण नको म्हणाले. ३० डिसेंबरला संध्याकाळी काम आटोपून चालत घरी जाताना, विद्यापीठाच्या आवारातच, त्यांना भोसकून मारलं. दुसऱ्या दिवशी ते निवृत्त होणार होते.

कुणीच काही बोललं नाही. समोर एक बाई आंबाड्यांचा भाव करत होती, तेवढाच आवाज.

"यांना पोलीस हवे होते," हवालदार शेवटी म्हणाले. त्यांच्या बोलण्यात जिंकल्याचा भाव नव्हता. "बाय, मी वाद घालायला म्हणत नाही. जिन्यावर बसलेल्या पोरींसाठी आम्हाला बोलावतात, आणि सुरा घेऊन उभा असतो तिथे आम्ही नसतो."

मास्तर म्हणाले, सेनांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मीही म्हणणार नाही. चूक सुरा मारणाऱ्यांची, आणि त्या हाताला क्रांती म्हणून ज्यांनी गौरवलं त्यांची. पण हवालदारांचं म्हणणं खर्ड्यात यायला हवं, असं मी भाचीला सांगितलं. तिने पेन्सिल काढली, पहिल्या वाक्यावर रेघ मारली आणि विचारलं, "मग काका, काय लिहू?"

"ते तू ठरव. मी शिकलेला नाही एवढा. फक्त एक लिही, फोन करायच्या आधी तो जिना उतरून खाली आला होता का. आणि आम्ही पोचलो तेव्हा तो जागेवर होता का. तुझ्या सगळ्या कुलगुरूंना हे दोन प्रश्न विचार."

तिने ते समासात लिहिलं. कागद दमट झालेला, पेन्सिल नीट उमटत नव्हती. एवढ्यात बस आली आणि भाईने क्लिनरला हाक मारून ती थांबवली. भाची धावली, खर्डा पायरीवरच राहिला. हवालदारांनी तो शर्टाच्या आत, बनियनला लावून ठेवला, भिजू नये म्हणून.

तो अजून त्यांच्याकडेच आहे. काल मागितला तर म्हणाले, दोन दिवस थांब, जादवपूरचं पान पुन्हा वाचतो आहे.